विंडोज १० नंतर काय? आणि जुन्या मराठी फायलींचं काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत आणि दुकानांत एकच चर्चा: आता नवीन कॉम्प्युटर घ्यावा लागणार का? दुकानदार म्हणतो, घ्याच. गल्लीतला इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणतो, कशाला पैसे घालवता, विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स टाका. पुण्याचा भाचा फोनवर सांगतो, मामा, अॅपलचा मॅक घ्या, डोक्याला ताप नाही. तिघांपैकी कुणीही खोटं बोलत नाही. पण त्या कॉम्प्युटरवर तुम्ही काय काम करता आणि ते कशाला बांधलेलं आहे, हे तिघांपैकी एकानेही विचारलेलं नसतं.

सीमाभागातल्या मराठी माणसाला हा प्रश्न जरा जास्त अडचणीचा जातो. दुकानाचा हिशेब टॅलीत असतो. मंडळाची वर्गणीदारांची यादी, सोसायटीचे अहवाल, घरातल्या लग्नांच्या पत्रिका जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात. पोराला शाळेसाठी कन्नडही टाईप करायचं असतं. म्हणून यंत्राची किंमत विचारण्याआधी या गाठी बघू.

बंद झालं म्हणजे नेमकं काय थांबलं?

विंडोज १० चा कॉम्प्युटर आजही पूर्वीसारखाच सुरू होतो, पुढेही होईल. थांबल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. एवढ्या मोठ्या प्रोग्राममध्ये चोराला आत शिरता येईल अशा फटी सतत सापडत राहतात. सापडली की मायक्रोसॉफ्ट ती बुजवतं आणि महिन्याच्या अपडेटमधून दुरुस्ती पाठवतं. या बुजवण्याच्या कामाला सपोर्ट म्हणतात. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये, म्हणजे हे काम दहा वर्षं चाललं. आता नवी फट सापडली तर ती उघडीच राहणार, आणि ती कुठे आहे हे चोरांना कळलेलं असणार.

"पण आमच्याकडे अँटीव्हायरस आहे की!" असं हमखास ऐकू येतं. अँटीव्हायरस आत आलेल्याला ओळखायचा प्रयत्न करतो. फट तो बुजवत नाही. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा मे २०१७ मधला वॉनाक्राय व्हायरस आठवत असेल. तो ज्या फटीतून शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांची यंत्रं १२ मेपासून एकापाठोपाठ एक कुलूपबंद झाली. त्यात ब्रिटनचे सरकारी दवाखानेही होते. कुणी चुकीच्या लिंकवर क्लिक करायचीसुद्धा गरज नव्हती. नेटवर्कवरून तो आपला आपण पसरत होता.

घाई मात्र कुणी लावत असेल तर थोडं थांबा. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा-अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिले आहेत. त्यासाठी तीस डॉलर भरता येतात, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून आपल्या सेटिंगचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवू दिला तर पैसे पडत नाहीत. यंत्रावर विंडोज १० ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती हवी. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा पर्याय दिसतो. हा कायमचा उपाय नाही, विचार करायला मिळालेला वेळ आहे.

इथे एक अप्रिय गोष्टही सांगून टाकतो. आपल्याकडच्या बऱ्याच यंत्रांवरचं विंडोज दुकानात "टाकून दिलेलं" असतं आणि ही विनापरवाना प्रत (क्रॅक) उघडी पडू नये म्हणून अपडेट मुद्दाम बंद केलेले असतात. अशा यंत्राचा १४ ऑक्टोबर केव्हाच येऊन गेला. अजून विंडोज ७ वर बिलं फाडणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला.

यंत्र वेगळं, सिस्टीम वेगळी, प्रोग्राम वेगळा

आपण सगळ्यालाच कॉम्प्युटर म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. वेंगुर्ला रस्त्याने कर्नाटकातली बाची ओलांडली की महाराष्ट्रातली शिनोळी लागते. माती तीच, पाऊस तोच, अलीकडेही रताळी आणि पलीकडेही रताळीच. पण अलीकडच्या रानाचा उतारा पहाणीच्या नमुन्यात, पलीकडच्याचा सातबाऱ्यावर. बेळगावच्या कचेरीसाठी भरलेला अर्ज चंदगडच्या कचेरीत चालत नाही. त्यातली माहिती शंभर टक्के खरी असली तरी नमुना त्या कचेरीचा नाही.

यातलं रान म्हणजे यंत्र: स्क्रीन, डिस्क, प्रोसेसर. कचेरी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, यापुढे नुसती सिस्टीम: विंडोज, लिनक्स किंवा मॅकओएस. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी मिळणार, प्रिंटरशी कोण बोलणार, फाईल कुठे ठेवायची, हे सगळं ती ठरवते. आणि टॅली, वर्ड, कोरलड्रॉ हे प्रोग्राम म्हणजे एका विशिष्ट कचेरीच्या नमुन्यात भरलेले अर्ज.

म्हणून त्याच रानावर कचेरी बदलता येते, म्हणजे जुन्याच यंत्रावर विंडोज काढून लिनक्स टाकता येतं. पण विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम तिथे आपोआप चालत नाही. प्रोग्राम करणाऱ्या कंपनीने नव्या सिस्टीमसाठी तो वेगळा काढलेला असावा लागतो, नाहीतर त्या कामाचा दुसरा प्रोग्राम शोधावा लागतो.

आमचं यंत्र विंडोज ११ का घेत नाही?

चांगलं चालणारं यंत्र अचानक नापास ठरतं तेव्हा राग येणं साहजिक आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या अटी वेगापेक्षा सुरक्षेशी जास्त जोडलेल्या आहेत. टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय यंत्रात हवी. सुरू होताना फक्त खात्रीचीच सिस्टीम चालू देणारं सिक्युअर बूट हवं. आणि प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा. पिढी नावातच असते: आय५-७२०० सातवी, आय५-८२५० आठवी. म्हणून २०१६ चा महागातला लॅपटॉप नापास होतो आणि २०१९ चा स्वस्तातला पास होतो.

दुकानात जाण्याआधी मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा छोटा प्रोग्राम चालवून बघा. नेमकं काय कमी आहे ते तो सांगतो. कित्येकदा टीपीएम यंत्रात असतं पण बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या अगदी मुळाच्या सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेलं असतं. ते चालू केलं की काम भागतं. अटी चुकवून जबरदस्तीने विंडोज ११ टाकायच्या युक्त्याही फिरत असतात. त्या चालतात, पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अपडेटसाठीच हा सगळा खटाटोप चाललाय, तेव्हा ही युक्ती मला पटत नाही.

यंत्र पास झालं तर विंडोज ११ टाका आणि मोकळे व्हा. मराठी फायलींचा भाग तरीही वाचा, तो तुम्हालाही लागू आहे.

काम कशाला बांधलंय?

टॅलीची लिनक्ससाठी किंवा मॅकसाठी वेगळी आवृत्ती नाही. ज्यांचा धंदा टॅलीवर चालतो त्यांनी त्या कामाचं यंत्र विंडोजवरच ठेवावं, वाद घालू नये. लिनक्सवर वाईन नावाचा दुभाषी मिळतो, तो काही विंडोज प्रोग्राम चालवून दाखवतो. पण रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी दुभाषी अडखळला तर दंड तुम्हालाच.

उद्यमबागेतल्या वर्कशॉपला सॉलिडवर्क्स लागत असेल तर तेही फक्त विंडोजवर. ऑटोकॅड मॅकवर आहे, लिनक्सवर नाही. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असेल तर ज्याने ते दिलं त्याला आधी विचारा, की नव्या सिस्टीमसाठी ड्रायव्हर आहे का. ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण आणि सिस्टीम यांची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम. बोटाचे ठसे घेऊन आधारची कामं करणारी सेवाकेंद्रं विंडोजवरच राहिलेली बरी.

प्रिंटरला लोक विसरतात. एचपीचे बरेच प्रिंटर लिनक्सला जोडले की काही न करता चालू होतात. दुकानादुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाची स्वतःचीच भाषा बोलतो. लिनक्सवर तो चालवायला जाणकार माणूस बसवावा लागतो.

उलट, ज्या घरात कॉम्प्युटरवर बँक, यूट्यूब, व्हॉट्सअॅप वेब, पोरांचे क्लास, कर्नाटक सरकारच्या भूमी साईटवर पहाणी बघणं, सेवासिंधूवरचे सरकारी अर्ज एवढंच होतं, तिथे सगळं काम ब्राउझरमध्ये आहे. क्रोम आणि फायरफॉक्स तिन्ही सिस्टीमवर सारखेच. अशा घराला सिस्टीम बदलणं जड जात नाही. नवा कॉम्प्युटर घ्यायलाच हवा असं तिथे कुणी सांगत असेल, तर तो विकणारा आहे की सल्ला देणारा, हे बघावं.

फाईल उघडते, पण वाचता येत नाही

आता मुख्य गाठ. जुनी मराठी फाईल नव्या यंत्रावर उघडली की पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. लोकांना वाटतं फाईल बिघडली, व्हायरस आला. फाईल ठणठणीत असते. तिच्यात मुळातच मराठी नव्हतं.

कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. इंग्रजी मोठं ए म्हणजे ६५, बी म्हणजे ६६. पूर्वीच्या फॉन्टमध्ये अशा जेमतेम २५६ जागा असत आणि त्यात देवनागरीला स्वतःची जागा नव्हती. मग फॉन्ट करणाऱ्यांनी तोड काढली: आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा, फक्त त्या जागी मराठी आकार काढायचा. कृतिदेव फॉन्टमध्ये "मराठी" हा शब्द लिहिला तर फाईलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं जातात. ई च्या जागी म चं चित्र, जे च्या जागी र चं, के च्या जागी काना. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं. फॉन्ट गेला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

शिवाजी, श्रीलिपी, आयएसएमचे सुरेख आणि योगेश हे सगळे याच घराण्यातले. त्यात प्रत्येकाची मांडणी वेगळी. एकात के म्हणजे काना असेल तर दुसऱ्यात तिसरंच काही. म्हणून श्रीलिपीतला मजकूर कृतिदेव लावून दुरुस्त होत नाही.

यावरचं खरं उत्तर युनिकोड. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, दुसऱ्या कुणाचा नसलेला आकडा द्यायचा, ही त्यामागची कल्पना. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. देवनागरी क चा आकडा २३२५. तो बेळगावातल्या विंडोजवर २३२५, मुंबईतल्या मॅकवर २३२५, तुमच्या फोनवरही २३२५. एखादा युनिकोड फॉन्ट नव्या यंत्रावर नसला तर दुसरा फॉन्ट त्याची जागा घेतो. वळण बदलतं, ओळी थोड्या पुढेमागे होतात, पण वाचता येतं.

सीमाभागातल्या माणसाला आवडेल अशी एक गंमत यात आहे. कन्नड लिपीतल्या क चा आकडा ३२२१ आहे, म्हणजे मराठी क मध्ये ८९६ मिळवा. म चा आकडा २३५०. ८९६ मिळवले की ३२४६, कन्नड म. भारतीय लिप्यांची वर्णमाला एकाच क्रमाने बसवल्यामुळे दोन्हींच्या मुख्य अक्षरांत इतकंच अंतर राहतं. सिस्टीमच्या लेखी या दोन लिप्या एकाच वस्तीतल्या दोन गल्ल्यांत एकाच क्रमाने बांधलेली घरं आहेत.

"पण जुना फॉन्ट नव्या यंत्रावर टाकला तर दिसेल ना?" दिसेल. बहुतेक जुने फॉन्ट लिनक्सवर आणि मॅकवरही बसतात. पण टायपिंगसाठी जे सॉफ्टवेअर वापरत होता ते विंडोजचं असतं, त्यामुळे फाईल वाचता आली तरी दुरुस्त करणं अवघड. शिवाय यादीत "पाटील" शोधलं तर एकही पाटील सापडत नाही, कारण फाईलमध्ये पाटील नाहीच, इंग्रजी अक्षरं आहेत. अकारविल्हे नावं लावता येत नाहीत, फोनवर पाठवता येत नाही. आणि वाक्याचं पहिलं इंग्रजी अक्षर आपोआप मोठं करायची ऑफिस प्रोग्रामांना सवय असते. कृतिदेवात इंग्रजी छोटी ई (e) आणि मोठी ई (E) ही वेगवेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे कुणी काही न करताच शब्द बदलतो.

म्हणून माझं म्हणणं असं: कुठलीही सिस्टीम घ्या किंवा आहे तीच ठेवा, जुना मराठी मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा. आणि हे काम जुनं यंत्र चालू असताना, जुना फॉन्ट त्यावर असतानाच करा. एकदा ते भंगारात गेलं की कोणती फाईल कुठल्या फॉन्टमध्ये होती हे शोधण्यातच आठवडा जातो.

रूपांतर करणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. ज्याचा फॉन्ट त्याचाच कन्व्हर्टर घ्या. नंतर नुसतं वरवर बघून सोडू नका. जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इथे हमखास चूक होते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये नंतर, त्यामुळे कन्व्हर्टरला ती उचलून पुढे न्यावी लागते. तपासायला आपल्या तालुक्यातली गावंच पुरेशी आहेत: येळ्ळूर, मण्णूर, कर्ले, कुद्रेमनी. ही चार नीट उतरली, शिवाय "कृष्णा", "लक्ष्मी", "ज्ञानेश्वर", "सुऱ्या" हे शब्दही, तर बाकीचं बहुतेक नीट उतरलं म्हणायला हरकत नाही. मधेच आलेला खरा इंग्रजी शब्द किंवा ईमेल मात्र कन्व्हर्टर मराठी समजून चिरडतो. तेवढं हाताने दुरुस्त करावं लागतं.

सभासदांचे फोन नंबर, आधार क्रमांक असलेल्या याद्या अनोळखी वेबसाईटवर चिकटवू नका. आपल्याच यंत्रावर चालणारा कन्व्हर्टर घ्या, किंवा क्रमांकांचे रकाने बाजूला काढून फक्त नावं बदलून घ्या.

कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांसारख्या कार्यक्रमांच्या स्मरणिका, गावोगावच्या मंडळांचे अहवाल, असा बराच ऐवज कुणाच्या ना कुणाच्या डीटीपीच्या यंत्रावर पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये पडून असणार. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, ती २००१ सालची, आणि त्याला युनिकोड मराठी कळत नाही. अशा पानांची निदान पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफ फॉन्ट पोटात घेऊन जाते, त्यामुळे पान कुठेही जसंच्या तसं दिसतं. त्यातला मजकूर कॉपी केला तर पुन्हा कचराच येईल, पण निदान वाचता येईल, छापता येईल.

"छापखानेवाला म्हणतो श्रीलिपीतच द्या." त्याचं यंत्र, त्याची सवय, त्याला हवं ते द्या. पण मूळ प्रत आपल्याकडे युनिकोडमध्ये ठेवा. युनिकोडमधून जुन्या फॉन्टमध्ये उलट जाणारे कन्व्हर्टरही मिळतात.

कन्नड आणि मराठी एकाच कीबोर्डवर

बदलाची भीती वाटायचं एक मोठं कारण म्हणजे हाताला बसलेलं टायपिंग. आपल्याकडे कन्नडसाठी नुडी, आणि बऱ्याच जणांना बरहा माहीत आहे. बरहा १९९८ पासून आहे आणि त्यात कन्नड-मराठी दोन्ही लिहिता येतं, म्हणून सीमाभागात ते घरोघर शिरलं. तुमच्या बरहाच्या फायली असतील तर विंडोज सोडण्याआधी त्याच प्रोग्राममधून त्या युनिकोडमध्ये काढून घ्या.

नुडीची कळमांडणी के. पी. राव यांनी केली आणि कन्नड गणक परिषदेने ती पसरवली. त्या परिषदेच्या आद्याक्षरांवरून तिला कगप म्हणतात. लिनक्सच्या कीबोर्डच्या यादीत हीच मांडणी कन्नडसाठी आहे आणि मराठीसाठीही आहे, वेगळं काही डाउनलोड न करता. म्हणजे नुडीवर हात बसलेल्या मराठी पोराला लिनक्सवर त्याच बोटांनी मराठी लिहिता येतं. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं.

नव्याने शिकणार असाल तर इनस्क्रिप्ट शिका. सरकारी मान्यतेची ही मांडणी विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर तयार असते. के च्या कळीवर मराठीत क, कन्नडातही क. एच वर दोन्हीकडे प. एकदा शिकलात की भाषा बदलायची फक्त कळ दाबायची.

फुकटच्या सिस्टीमवर भरवसा कसा ठेवायचा?

फुकट म्हटलं की आपल्याला काहीतरी खोट दिसते, आणि ते चुकीचं नाही. पण लिनक्स फुकट असण्याची कारणं स्पष्ट आहेत. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहायला घेतला आणि कुणालाही बघता, बदलता, वाटता येईल अशा परवान्याखाली खुला केला. आज मोठमोठ्या कंपन्या पगार देऊन त्यावर माणसं बसवतात, कारण त्यांचाच धंदा त्यावर चालतो. तुमच्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांची यादी निघते, त्यातले सगळेच्या सगळे २०१७ पासून लिनक्सवर आहेत. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं त्यावरच शिकतात.

लिनक्सचे अनेक अवतार आहेत. विंडोजमधून येणाऱ्याला मी लिनक्स मिंट सुचवेन; खाली डावीकडे मेन्यू, पट्टी, घड्याळ, सगळं ओळखीच्या जागी. त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅमवर ते बरं चालतं. जुन्या यंत्राची फिरती हार्डडिस्क काढून फिरता भाग नसलेली एसएसडी डिस्क बसवली तर त्याच यंत्राचा वेग डोळ्यांत भरण्याइतका वाढतो. हे विंडोजलाही लागू आहे, आणि नव्या यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस येतं. पत्रं, याद्या, साधे हिशेब नीट चालतात. मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) भरलेल्या एक्सेल फायली आणि बारीक मांडणीची वर्ड-पानं मात्र थोडी विस्कटतात. जुन्या फायली उघडून बघितल्याशिवाय "चालतं" म्हणू नका.

"बिघडलं तर कोण बघणार?" हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. विंडोज दुरुस्त करणारा गल्लोगल्ली आहे, लिनक्सवाला नाही. व्हीटीयूच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून शिकणारी पोरं आपल्याकडे भरपूर आहेत, पण त्यांची परीक्षा आणि तुमचा बिघाड एकाच आठवड्यात येतात. घरात किंवा शेजारात मदतीला येणारं एक तरी माणूस नसेल, तर वयस्कर माणसाच्या यंत्रावर लिनक्स लादू नये.

मॅक घेतला तर?

मॅक चांगला टिकतो आणि मराठी-कन्नड दोन्ही त्यात तयार असतात. पण टॅली नाही, विंडोजसाठी केलेल्या छोट्या छोट्या सोयी नाहीत, आणि दुरुस्तीला बहुधा बेळगावच्या बाहेर पाठवावा लागतो. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्ह आणि हार्डडिस्क मॅक वाचतो पण त्यांवर लिहीत नाही. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या असतील तर दोन्हीकडे चालतात. जुना मॅक स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारू नका. नोव्हेंबर २०२० पासून अॅपल स्वतःचे प्रोसेसर घालू लागलं, आणि इंटेल प्रोसेसरच्या जुन्या मॅकसाठी २०२५ ची टाहो ही शेवटची आवृत्ती आहे. घ्यायचाच तर एम१ किंवा पुढचा.

बदलायचं ठरलं तर

आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या. ब्राउझरमधले पासवर्ड, फॉन्टचं फोल्डर, प्रोग्रामांचे परवाना क्रमांक, हे लोक हटकून विसरतात. ही प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. उघडून न बघितलेला बॅकअप असून नसल्यासारखाच.

लिनक्स वापरून बघायला काही पुसावं लागत नाही. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट घालून यंत्र त्यावरून सुरू करता येतं, आणि तुम्ही स्वतः इन्स्टॉल म्हणेपर्यंत ते डिस्कला हात लावत नाही. असं चालू असताना वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, कगपने "येळ्ळूर" लिहिता येतं का, एवढं बघा. पेन ड्राइव्हवरून ते संथ चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. डिस्क मोठी असेल तर विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स बसवता येतं. सुरू करताना कोणतं हवं ते विचारतं. मात्र तेव्हा इंटरनेट लिनक्समधूनच वापरा, विंडोज १० जुन्या प्रोग्रामांपुरतं.

प्रत्यक्ष इन्स्टॉल लाईट जायच्या वेळा टाळून करा, लॅपटॉप असला तरी चार्जर लावून. आणि एसएसडी नवी बसवली असेल तर जुनी हार्डडिस्क पुसू नका, विकू नका. तारीख आणि फॉन्टची नावं लिहून ती बाजूला ठेवा. मार्चअखेरचा हिशेब, गणपतीच्या वर्गणीची यादी, पोराचे परीक्षेचे फॉर्म हे सगळं नव्या सिस्टीमवरून एकदा पार पडल्यावर ती मोकळी करायला हरकत नाही.